वडिलांच्या वाट्याची पूरमदत अडकली आहे. वारस नोंद आणि क्षेत्रातील तफावत याबाबत मार्गदर्शन हवे

प्रश्न : नदीकाठचा शेतकरी, कोल्हापूर जिल्हा

नमस्कार मंडळी. आमची शेती पंचगंगेच्या काठाला, मळीच्या (नदीच्या गाळाच्या) जमिनीत आहे. एकच गट असून क्षेत्र ८० आर (एक आर म्हणजे साधारण एक गुंठा) आहे आणि सातबारावर वडील व चुलते यांची नावे सामाईक आहेत. वडिलांचे निधन होऊन दोन वर्षे झाली, परंतु घरातील अडचणींमुळे वारस नोंद करायची राहून गेली. ही चूक आमचीच आहे, हे मान्य करूनच पुढचे लिहितो.

ऑगस्ट २०२५ मध्ये नदीचे पाणी शेतात शिरले आणि सहा दिवस हलले नाही. ६४ आरमध्ये जानेवारीत केलेली उसाची ‘सुरू’ हंगामाची लागण होती आणि उरलेल्या १६ आरमध्ये जुलैच्या शेवटी आडसाली हंगामाच्या उसाची रोपे लावली होती. पाणी ओसरल्यावर उसात शिरलो तेव्हा पोंगा (शेंड्याची कोवळी सुरळी) नुसता हाताने ओढला तरी सहज निघून येत होता आणि त्याच्या बुडाला कुजका वास होता. पुढे त्याच उसाला डोळ्याडोळ्यातून पांगशा (बाजूचे फुटवे) फुटल्या. रोपांचे तर नावही उरले नाही. त्या १६ आरवर गाळाचा थर बसला आणि तो सुकल्यावर त्याला भेगा पडल्या. पंचनाम्याला कर्मचारी आले होते, त्यांनी मोबाईलवर फोटो काढले आणि चुलत्यांची सही घेतली.

चुलत्यांच्या खात्यावर ५,४४० रुपये जमा झाले. वडिलांचे नाव यादीत आहे, मात्र रक्कम आलेली नाही. चौकशी केली तेव्हा एकाने सांगितले की मयत खातेदाराचे पैसे सरकारजमा होतात. दुसऱ्याने सांगितले की आमच्या महसूल मंडळात ६५ मिलिमीटर पाऊसच झाला नव्हता, त्यामुळे फार अपेक्षा ठेवू नका. माझ्या आईला या रकमेची गरज आहेच, पण त्याहून जास्त तिला हे लागून राहिले आहे की नवऱ्याच्या नावावर आलेले पैसे आपल्याला मिळत नाहीत म्हणजे त्या शेतावर आपला काही हक्कच उरला नाही की काय. माझ्या दोन विवाहित बहिणी आहेत. आता नेमके काय करावे, कोणते कागद लागतील आणि ८० आर बुडालेले असताना एवढीच रक्कम कशी आली, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

उत्तर १ : निवृत्त महसूल कर्मचारी

भाऊ, आधी तुमच्या आईंना सांगा की त्यांचा हक्क कुठेही गेलेला नाही. मयत खातेदाराची मदत सरकारजमा होते हे ज्यांनी सांगितले, त्यांनी अपुऱ्या माहितीवर सांगितले आहे. ती रक्कम नाकारलेली नाही. ज्या नावावर ती निघाली आहे, त्या नावाचा माणूस अंगठा द्यायला येऊ शकत नाही, म्हणून ती थांबलेली आहे.

तुम्ही दिलेल्या आकड्यातूनच बरेच काही कळते. ३० मे २०२५ च्या शासन निर्णयाप्रमाणे बागायत पिकाला हेक्टरी १७,००० रुपये, म्हणजे आरला १७० रुपये असा दर होता. ५,४४० ला १७० ने भागले की ३२ येतात. चुलत्यांचा हिस्सा निम्मा, म्हणून पंचनाम्यात बाधित क्षेत्र ८० नव्हे तर ६४ आर धरले गेले आहे आणि वडिलांच्या नावावरही तेवढेच ३२ आर, म्हणजे ५,४४० रुपये थांबलेले असणार. तुमच्यापुढे दोन वेगळी कामे आहेत : वारस नोंद आणि क्षेत्राची दुरुस्ती. ती एकाच अर्जात घातली तर दोन्ही रेंगाळतील, म्हणून अर्ज वेगवेगळे करा.

पावसाच्या आकड्याची काळजी सोडून द्या. २४ तासांत मंडळात ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस ही अतिवृष्टीची कसोटी आहे, पुराची नव्हे. आपल्याकडे राधानगरी आणि गगनबावड्याच्या डोंगरात पाऊस कोसळतो आणि खाली नदीकाठी ऊन पडलेले असतानाही मळीतला ऊस बुडतो, हे नोकरीच्या काळात मी कितीतरी वेळा पाहिले आहे. शेत नदीच्या पाण्याखाली गेले आणि पिकाचे ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झाले, एवढे पंचनाम्यात आले की पर्जन्यमापकाचा आकडा कोणी विचारत नाही. हे प्रमाण पूर्वी ५० टक्के होते, ते २०१५ मध्ये ३३ वर आणले गेले.

आता रक्कम कशी निघते ते सांगतो, म्हणजे अडथळा कोठे आहे ते समजेल. तलाठी, कृषी सहाय्यक आणि ग्रामसेवक संयुक्त पंचनामा करतात (या तिन्ही पदांची नावे आता बदलली आहेत, पण गावात जुनीच चालतात). त्यावरून खातेदारनिहाय यादी तयार होते, तहसील पातळीवर ती पोर्टलवर भरली जाते आणि प्रत्येक नावाला एक विशिष्ट क्रमांक मिळतो, ज्याला सगळे व्हीके नंबर म्हणतात. त्या क्रमांकावर आपले सरकार सेवा केंद्रात आधार प्रमाणीकरण झाले की रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा होते. ज्यांच्याकडे अ‍ॅग्रिस्टॅक या सरकारी शेतकरी नोंदणीचा शेतकरी ओळख क्रमांक आहे, त्यांना २०२५ मध्ये या ई-केवायसीतून सूट मिळाली. तुमच्या चुलत्यांचे पैसे विनासायास आले, ते बहुधा त्यामुळेच. वडिलांच्या नावाला मात्र ना ओळख क्रमांक, ना अंगठा.

म्हणून पहिले काम वारस नोंदीचे. जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने तीन महिन्यांत कळवायचे असते, परंतु उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र, सातबारा, आठ-अ (खाते उतारा) आणि वारसांची आधारपत्रे जोडून तलाठ्याकडे किंवा ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर अर्ज करा. फेरफार (सातबारावरील बदलाची नोंद) धरल्यावर हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस असते आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. नोंद मंजूर होईपर्यंत थांबू नका. अर्जाची पोहोच आणि मृत्यूचा दाखला जोडून तहसीलदारांच्या नावे आजच लेखी कळवा की अमुक व्हीके क्रमांकावरील खातेदार मयत आहेत, वारस नोंदीचा अर्ज दिलेला आहे आणि नोंद होताच वारसाच्या नावे यादी दुरुस्त करावी. हे कळवले नाही तर ती रक्कम ‘प्रमाणीकरण अपूर्ण’ या रकान्यात पडून राहते आणि वर्ष उलटल्यावर तिचा पाठपुरावा करणे फार जिकिरीचे होते.

यापुढची गोष्ट मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण या ठिकाणी घराघरांत चूक झालेली मी पाहिली आहे. वारस म्हणून आई, तुम्ही आणि दोन्ही बहिणी अशी चारही नावे सातबारावर लागतील. त्यानंतर मदत एकाच खात्यावर घेण्यासाठी बाकीच्यांचे संमतीपत्र लागेल आणि ते आईंच्या नावे करून द्यावे, असे मला वाटते. हे संमतीपत्र केवळ या मदतीपुरते असते. गावात एखादा कागद लिहून देणारा तुम्हाला सांगेल की त्यातच बहिणींचे हक्कसोडपत्र उरकून घ्या, सह्या तर होणारच आहेत. तसे अजिबात करू नका. हक्कसोडपत्र हा नोंदणीकृत, कायमचा दस्त आहे. ५,४४० रुपयांच्या निमित्ताने माहेरी बोलावून घेतलेल्या बहिणीची अशी सही घेणे मला तरी योग्य वाटत नाही, आणि पुढे कोर्टात उभी राहिलेली अनेक प्रकरणे अशाच घाईतून सुरू झालेली मी पाहिली आहेत.

उत्तर २ : सेवा केंद्र चालविणारी, करवीर तालुका

दादा, वरच्या काकांनी महसुलाची बाजू पूर्ण सांगितली आहे. त्यानंतर प्रकरण आमच्या टेबलावर येते, आणि तिथेही ते थांबू शकते, म्हणून थोडे लिहिते.

तुमच्या आईंचे आधार कोणत्या बँक खात्याला जोडलेले आहे, हे आधी तपासून घ्या. पासबुकावर आधार क्रमांक लिहिलेला असणे आणि सरकारी रक्कम त्या खात्यात उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रक्कम शेवटी ज्या खात्याला आधार जोडले गेले, तिकडे जाते. गेल्या हंगामात माझ्याकडे एक काकू तीन वेळा आल्या. प्रमाणीकरण झालेले होते, पावती त्यांच्या पिशवीत व्यवस्थित घडी घालून ठेवलेली होती, तरी बँकेत पैसे नाहीत. शेवटी शोधल्यावर कळले की मोबाईलचे कार्ड घेताना दुकानदाराने त्यांच्या नावे एक पेमेंट खाते उघडून आधार तिकडे जोडले होते आणि सगळे पैसे तिथे सुरक्षित पडून होते. त्यांना ते खाते आहे हेच माहीत नव्हते. आईंना घेऊन बँकेत जा, आधार जोडणीचा फॉर्म भरून द्या आणि जोडणी सक्रिय झाल्याची खात्री करूनच पुढे सरका.

दुसरी अडचण अंगठ्याची. आयुष्यभर भांगलण केलेल्या, उसाचा पाला काढलेल्या बायकांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात आणि यंत्र त्यांना ओळखत नाही. दहाही बोटे लावून झाली की त्या ओशाळून हात पदराला पुसतात, जणू काही चूक त्यांचीच आहे. आधारला मोबाईल क्रमांक जोडलेला असेल तर ओटीपीने काम होते, म्हणून आधार केंद्रात जाऊन क्रमांक जोडून घ्या आणि बोटांचे ठसेही नव्याने द्या. सातबारावर आईंचे नाव लागले की त्यांचा शेतकरी ओळख क्रमांकही लगेच काढून घ्यावा.

आणखी एक. रक्कम जमा झाल्यावर ती जुन्या पीककर्जात वळती करून घेतल्याच्या तक्रारी येतात. आपत्तीची मदत कर्जवसुलीत वळती करू नये, असे शासन निर्णयातच स्पष्ट लिहिलेले असते. तसे झाले तर त्या निर्णयाची प्रत जोडून शाखाधिकाऱ्यांना लेखी द्या आणि त्याची एक प्रत तहसीलदारांना पाठवा.

उत्तर ३ : ऊस उत्पादक, शिरोळ तालुका

मी २००५, २०१९ आणि २०२१ हे तिन्ही पूर शेतात उभे राहून पाहिले आहेत. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते आणि कृष्णा तुंबली की पंचगंगेचे पाणी मागे सरकते, त्यामुळे आमच्या भागात पाणी येते लवकर आणि जाते फार उशिरा. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले होते.

एवढीच रक्कम कशी आली, या तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर क्षेत्रात आहे आणि अर्धे दरात. दर हा दर वेळी वेगळा असतो, म्हणून मागच्या पुराच्या रकमेशी तुलना केली की माणूस गोंधळतो. २०१९ मध्ये बुडालेल्या पिकाचे एक हेक्टरपर्यंतचे पीककर्ज माफ झाले आणि ज्यांनी कर्ज घेतले नव्हते त्यांना नेहमीच्या तिप्पट मदत मिळाली. २०२१ मध्ये जिरायतीला १०,०००, बागायतीला १५,००० आणि बहुवार्षिक पिकांना २५,००० रुपये हेक्टरी, दोन हेक्टरपर्यंत. २०२२ मध्ये राज्याने दर दुप्पट करून १३,६००, २७,००० आणि ३६,००० केले आणि मर्यादा तीन हेक्टर केली. मे २०२५ मध्ये पुन्हा केंद्राच्या निकषाप्रमाणे ८,५००, १७,००० आणि २२,५०० वर, दोन हेक्टरच्या मर्यादेत आणून ठेवले. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यभरच्या नुकसानीनंतर जाहीर केलेल्या तालुक्यांसाठी मर्यादा तीन हेक्टर झाली आणि रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० रुपये वेगळे ठरले. तुमचा तालुका त्या यादीत असेल तर चुलत्यांना आणि आईंना ३२ आरमागे आणखी ३,२०० रुपये यायला हवेत. तेही विचारून घ्या.

ऊस वर्षभर शेतात उभा असतो, त्यामुळे तो बहुवार्षिकात धरला जावा असे आपल्याला वाटते. परंतु तो बागायत दरानेच धरला जातो, आणि आपल्या जिल्ह्याचे गणित तिथेच बिघडते. आपल्याकडे चांगल्या मळीत गुंठ्याला टन ऊस निघतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) ठरली होती. त्यातून तोडणी-वाहतूक वजा केली तरी गुंठ्याचे जे उत्पन्न बुडाले, त्याच्यापुढे १७० रुपये ठेवून पाहा. सरकारच्या कागदात या रकमेचे नाव निविष्ठा अनुदान असे आहे, म्हणजे पुढच्या पेरणीच्या बियाणे-खताला हातभार. आपण मात्र तिला नुकसानभरपाई म्हणतो आणि त्या अपेक्षेने बँकेत जातो. पीक विमा योजनेत ऊस नाही, त्यामुळे दुसरा आधारही नाही. नदीकाठच्या ऊस उत्पादकासाठी वेगळा निकष हवा, ही मागणी मी ग्रामसभेत मांडत आलो आहे आणि पुढेही मांडणार आहे.

राहिले तुमचे १६ आर. ही आडसालीची लागण होती आणि पूर येईपर्यंत ई-पीक पाहणी (मोबाईलवरून सातबारावर पिकाची नोंद) झालेली नसणार. चुलत्यांनी नंतर नोंद केली असेल तर तिथे पीक उभे नव्हते म्हणून ‘पड’ लागले असावे. सातबाराच्या पिकाच्या रकान्यात काय आहे ते आधी बघा. तसे असेल तर लागण झाली होती याचा सर्वांत भक्कम पुरावा साखर कारखान्याकडे असतो. चिटबॉयने (कारखान्याच्या ऊस नोंदणी कर्मचाऱ्याने) लागणीची नोंद नेली होती का? त्यात तारीख, गट क्रमांक, क्षेत्र आणि जात सगळे असते. रोपवाटिकेची पावतीही शोधा. आणि गाळाचा थर तीन इंचांपेक्षा जाड होता का, हेही महत्त्वाचे आहे. अल्प व अत्यल्प भूधारकांना शेतातील असा गाळ काढण्यासाठी २०२५ मध्ये हेक्टरी १८,००० रुपयांचा वेगळा निकष होता. मात्र एकाच क्षेत्रासाठी तुम्ही नेमके काय मागत आहात, ते अर्जात स्वच्छ लिहा.

पुन्हा प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. काल चुलत्यांसोबत बसून सातबारा काढला. शिरोळच्या काकांनी लिहिले तसेच निघाले. ६४ आर ऊस आणि १६ आर पड अशी नोंद आहे. चुलत्यांनी सप्टेंबरमध्ये पाहणी केली तेव्हा समोर मोकळे रान होते आणि त्यांनी दिसले ते नोंदवले, यात त्यांचा काही दोष नाही. कारखान्याच्या नोंदीत मात्र २६ जुलै, १६ आर, को ८६०३२ असे लिहिलेले सापडले आणि रोपांची पावती आईने वडिलांच्या जुन्या डायरीत जपून ठेवली होती. गाळ मोजायचा राहून गेला, पण माझ्या मोबाईलमध्ये एक फोटो आहे ज्यात मुलाने खुरपे गाळात उभे रोवले आहे आणि त्याची फक्त मूठ वर दिसते.

धाकटी बहीण इचलकरंजीला असते, तिने फोनवरच सांगितले की आईच्या नावे संमती द्यायला ती येईल. हक्कसोडपत्राचा विषय घरात निघाला होता, हे मान्य करतो. महसूलच्या काकांचे उत्तर मी सर्वांना वाचून दाखवले आणि तो विषय तिथेच संपला. एकच शंका राहिली आहे. १६ आरचा पंचनामा नव्याने होऊ शकतो का, की आता फार उशीर झाला?

उत्तर : निवृत्त महसूल कर्मचारी

भाऊ, आता शेतात जाऊन नव्याने पंचनामा होणे कठीण आहे, कारण पाहायला काही शिल्लक नाही. तुमची मागणी पुरवणी यादीत क्षेत्र दुरुस्त करण्याची असावी. आधी माहितीच्या अधिकारात १० रुपयांचे शुल्क भरून तुमच्या गटाच्या पंचनाम्याची आणि त्यासोबतच्या फोटोंची प्रत मागा; ३० दिवसांत ती मिळायला हवी. त्या दिवशीच्या फोटोंत हे १६ आर गाळाखाली दिसत असतील, तर तुमच्याच कागदापेक्षा त्यांचा कागद जास्त बोलेल. कारखान्याची नोंद, रोपांची पावती आणि खुरप्याचा फोटो तारखेसह जोडून तहसीलदारांकडे अर्ज द्या आणि पोहोचेवर शिक्का व आवक क्रमांक असल्याशिवाय तिथून निघू नका. महिन्याभरात उत्तर आले नाही तर तालुक्याच्या लोकशाही दिनात, म्हणजे तिसऱ्या सोमवारी, तीच पोहोच घेऊन जा. तिथेही काम झाले नाही तर पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात जाता येते.

या १६ आरला मंजुरी मिळेलच असे मी सांगणार नाही; अशी काही प्रकरणे मंजूर झालेली आणि काही फेटाळलेलीही मी पाहिली आहेत. वडिलांच्या वाट्याच्या ३२ आरची मदत मात्र तुमच्या आईंना मिळेल. मृत्यूचा दाखला नगरपालिकेचा आहे की ग्रामपंचायतीचा ते कळवा, आणि त्यावरील नाव सातबाराशी अक्षरशः जुळते का तेही पाहा. एका वेलांटीच्या फरकावरूनही फेरफार परत येतो.

प्रश्नकर्ता

दाखला ग्रामपंचायतीचा आहे. सातबारावर वडिलांच्या नावात आजोबांचे नाव पूर्ण आहे आणि दाखल्यावर ते आद्याक्षराने लिहिले आहे. सोमवारी दोन्ही घेऊन तलाठी काकांकडे जातो आणि इथेच कळवतो.

उत्तर : सेवा केंद्र चालविणारी, करवीर तालुका

दादा, जाताना दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करून सोबत न्या, म्हणजे दुसरी फेरी वाचेल. आणि आईंना घेऊन आधार केंद्रात जाल तेव्हा सकाळी लवकर जा. घरून निघण्यापूर्वी त्यांच्या बोटांना थोडे खोबरेल लावून कोमट पाण्याने धुवून घ्या. माझ्याकडे येणाऱ्या काकूंना मी हेच सांगते आणि बऱ्याच जणींचा ठसा त्यानंतर उमटतो.